शेरनकाबचा चेहरा

इस्माईल मामू भिंतीवरच्या पोस्टरला कागद चिकटवताना डोळे गच्च मिटून घ्यायचे. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला, काखेत कागदाच्या पट्ट्या आणि डोळे बंद. पोस्टरची वरची कड बोटांनी चाचपायची, तिथून खाली एक वीत, डाव्या अंगाला चार बोटं, की फटकन पट्टी बसली हिरोच्या तोंडावर. मग दोन पावलं मागं सरकून एक डोळा किलकिला करून बघायचे. निम्म्या वेळेला हिरोचं तोंड उघडंच असायचं आणि हिरोइनच्या नाकावर पट्टी बसलेली असायची.

सकाळी ऑफिसला निघताना हा कार्यक्रम मी कितीदा बघितला असेल. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, उन्हानं माणसाचं डोकं फिरलं. ऊनही तसंच होतं म्हणा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. मी मूळची उमरीची. कलेक्टर कचेरीत टायपिस्ट म्हणून चिकटले होते, टंचाई शाखेत. आमच्या अर्ध्या छापील कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव, ते खोडायचं, वर लातूर लिहायचं, आणि खाली टँकर कुठल्या वस्तीत किती वाजता जाणार ते टाइप करायचं, हे माझं काम. सगळ्या जिल्ह्याला पाणी मी कागदावर पाजत होते आणि घरी मात्र दोन घागरींत अंघोळ, स्वयंपाक आणि भांडी उरकत होते.

ज्या गल्लीत खोली घेतली, तिच्या तोंडाशीच मामूंचं बाइंडिंगचं दुकान. कचेरीची रजिस्टरं तेच बांधायचे. जिल्हा वेगळा झाल्यावर जुनी दप्तरं फोडून नवी बांधायचं काम त्यांच्याकडं आलं होतं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "सुमनबाई, जिल्हा काय सरकारनं केला? म्या शिवला म्या. दोऱ्यानं!" हे वाक्य मी रोज ऐकायचे. चेहऱ्यावर देवीचे वण, अगदी दाट, आणि वयाला न शोभणारं पोरकट हसू. फोटो काढायला कधी उभे राहायचे नाहीत. आणि कशाचीही घाई केली की एकच बोलायचे, "सबर करा. जिल्द वाळू द्या." जिल्द म्हणजे पुस्तकाची बांधणी. रजिस्टर कधी मिळणार विचारा, पाऊस कधी येणार विचारा, उत्तर तेच.

दुकानाच्या दुसऱ्या भिंतीला कॉमिक्स. भाड्यानं द्यायचे, पण फाटकी, चुरगळलेली नाहीत. दहा-दहा अंक एकत्र शिवून, वर जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड. सगळ्यात वरच्या फळीवर शेरनकाब. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते: शेरनकाब म्हणजे तोंडावर वाघाचा मुखवटा लावून गोरगरिबांच्या मदतीला धावणारा गडी. इतके अंक निघाले, पण त्याचा चेहरा एकाही अंकात दिसला नाही. कधी पाठमोरा, कधी सावलीत, कधी नेमका धुराचा लोट मधे. मीही नोकरीवाली बाई असून रांगेत उभी राहून ते अंक न्यायचे. लाज कसली त्यात.

तर त्या शेरनकाबवर पिक्चर निघाला. लातूरला लागायच्या महिनाभर आधीपासून मामूंच्या दुकानात जे रण माजलं, तसं आमच्या कचेरीत जिल्ह्याच्या हद्दीवरूनही माजलं नसेल. भांडण एकच, पिक्चरची जाहिरात कशी करावी. टॉकीजचे मॅनेजर शिंदे तिथं चहाला यायचे. दवाखान्यातले कंपाउंडर बिराजदार रोज हजर. आणि मी.

बिराजदारांचं म्हणणं, रिक्षाला भोंगा बांधून शेरनकाबच्या सगळ्या शक्ती क्रमानं सांगत गावभर फिरवा. शिंदे म्हणायचे, "ओ कंपाउंडर, लोकांच्या नळाला पाणी न्हाई, तुमच्या शक्ती कोन ऐकतंय? हिरोइन धबधब्यात भिजून राहिली हाय, तेच पोस्टर चौकात लावतो. नुसतं बघून गार वाटंल." आणि खरंच सांगते, ते पोस्टर लागल्यावर गोलाईच्या चौकात माणसं थांबून बघायची, आणि हिरोइनकडं नाही, धबधब्याकडं बघायची.

पण बाकीच्या सगळ्या पोस्टरांवर मधोमध हिरो. मुखवटा हातात, चेहरा उघडा. गोरापान, गुळगुळीत. मामूंनी ते पहिल्यांदा बघितलं आणि तोंड फिरवून दुकानात येऊन बसले.

"ह्ये काय झालं?" ते म्हणाले. "इतकी वर्सं झाकून ठेवला, अन् भिंतीवर उघडा? पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कुनी शेवटचं पान छापतंय का?"

आता मी त्या हिरोच्या प्रेमात होते, उघडच सांगते. त्याचा फोटो माझ्या टाइपरायटरच्या कव्हरात होता. मी तावातावानं म्हणाले, "मामू, हिरोचं तोंड दाखवलं नाही तर तिकीट कोण काढेल? आणि झाकायला काय त्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बिराजदार खाली बघायला लागले. मामू सुईत दोरा ओवत बसले, आणि दोरा काही ओवला जाईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी तर ती कशाची, हे पुन्हा बोलून दाखवावं लागणार. मी गुपचूप उठले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या सुरू झाल्या.

खळ घरचीच, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, एकदा बसली की नखानं निघायची नाही. पण खळीला पाणी लागतं. मामूंच्या घरून खैरून मामींचा आवाज गल्लीभर जायचा, "लोकं हातपाय धुवायला पानी मोजून राहिलेत, अन् ह्ये भिंतीला पाजून राहिले! याऽऽ अल्ला!" मामू स्वतःच्या वाटणीच्या तांब्यातलं पाणी खळीत ओतायचे आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसून भागवायचे.

एकदा तर कहर झाला. डोळे मिटून पट्टी लावता लावता मामूंनी शेजारच्या कागदावरही फटकन एक लावली. तो कागद म्हणजे मी टाइप केलेलं टँकरचं वेळापत्रक, आणि पट्टी नेमकी आमच्या गल्लीच्या ओळीवर. टँकर आला आणि गेला, गल्लीला पत्ताच नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन मामूंच्या दुकानापुढं उभ्या राहिल्या. मीही होते त्यात, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते. मामूंनी कान पकडले, दुकान बंद केलं आणि पलीकडच्या वस्तीतल्या टँकरवरून दिवसभर सायकलला घागरी बांधून गल्लीतल्या घरोघर पाणी आणून टाकलं. माझ्या दारात घागर ठेवताना म्हणाले, "रागवू नगा बाई. थोडेच दिस. नसीम आली की संपलं."

नसीम त्यांची एकुलती एक लेक. आदल्याच वर्षी लग्न होऊन किनवटला गेली होती. नवरा तिथल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात कामाला. तिचा आणि पट्ट्यांचा काय संबंध, ते मला मामींनी सांगितलं, चुलीपुढं बसून.

"तुमचे मामू रजिस्टर शिवायचे अन् पोरगी बाजूला बसून शेरनकाब मोठ्यानं वाचायची. रोज. एवढीशी होती तवापासून. दोघांचा करारच झालेला, याचा चेहरा ज्या दिवशी दिसंल, त्या दिवशी दोघांनी मिळून बघायचा. एकट्यानं कुनीच न्हाई. आता ती तिकडं गेली, तरी ह्यांच्या डोक्यात तेच. ती येईस्तवर डोळे मिटून फिरून राहिले. तिला एसटी स्टँडवरून घरला आनायचं, तर रस्त्यात एकबी चेहरा उघडा न्हाई पायजे."

मी घरी जाऊन टाइपरायटरच्या कव्हरातला फोटो काढला आणि ट्रंकेत तळाशी टाकला. काय उपयोग, पण टाकला.

इकडं शिंदे मॅनेजर लाल होऊन दुकानात आले. पोस्टर खराब करतो म्हणजे काय, पोलिसात देतो, वगैरे. पण पिक्चर लागला आणि उलटंच झालं. माणसं पट्टीपुढं उभी राहून एकमेकांना विचारायची, "त्या कागदाखाली काय हाय रं?" आणि ते बघायला टॉकीजात जायची. दुसऱ्या आठवड्यात शिंदे स्वतः पोस्टरांची गुंडाळी घेऊन आले. "मामू, ह्ये तेवढे झाकून द्या." मामूंनी डोळे मिटले आणि बसल्या जागी झाकून दिले. बिराजदार मला म्हणाले, "बघा, जाहिरातीतलं ह्या मानसाला आपल्या सगळ्यांहून जास्त कळतंय." मामूंना बिचाऱ्यांना काय कळत होतं, ते मला ठाऊक होतं.

मी पिक्चर बघून आले होते. मला दुरून बघितलं तरी मामू कानांवर हात ठेवायचे.

नसीम काही येईना. जावयाला रजा मिळेना, वसतिगृहातली लेकरं सोडून त्याला निघता येईना, आणि तिला एकटीला धाडता येईना. आज येईल, उद्या येईल. मामू दुपारच्या एसटीला रोज स्टँडवर जायचे, जाताना वाटेतल्या पट्ट्या तपासायचे, उचकटल्या असतील तर पुन्हा लावायचे, आणि एकटेच परत यायचे. शिंद्यांनी त्यांच्यासाठी पिक्चर आणखी एक आठवडा ओढला. शेवटच्या खेळाला मी मुद्दाम टॉकीजवर गेले, तर मामू बाहेरच्या पायरीवर बसलेले. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हणजे मुखवटा निघत होता.

मी शेजारी बसले. म्हटलं, "मामू, आत चला ना. तिला सांगू नका."

"असं कसं?" ते म्हणाले. "ती तिकडं सबर करून राहिली, अन् म्या इकडं बघू?"

मग शिंद्यांनीच सांगितलं की पिक्चरच्या रिळांची पेटी आता नांदेडला चालली, आणि तिथून फिरत फिरत किनवटच्या तंबूच्या टॉकीजात जाणार. मामू ताडकन उठले. किनवटला पिक्चर लागणार म्हणजे किनवटला पोस्टर लागणार! पेटी तिथं पोचायच्या बेतानं त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, धोतराच्या फडक्यात कणीक आणि मोरचुदाची पुडी बांधली, कुंचला पिशवीत टाकला आणि बसनं नांदेड, तिथून आगगाडीनं किनवट. निघताना मला म्हणाले, "तिकडं जंगल हाय, पानीबी हाय. खळ चांगली होईल."

आठ दिवसांनी दुकान उघडं दिसलं. मी चहा न पिताच धावले. मामू शेरनकाबचे शेवटचे दहा अंक शिवत बसले होते. थोडे वाळले होते, पण खुशीत.

"झाकले का किनवटचे?"

"हाव. एकबी सोडला न्हाई. वसतिगृहापासून तंबूपर्यंत."

"मग? कसा वाटला चेहरा?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "खरं सांगू का बाई? म्या न्हाई बघितला."

"म्हणजे? तिथंही डोळे मिटले?"

"न्हाई ओ. उघडेच व्हते. तंबूत बायांची बाजू अलग, गड्यांची अलग, मधी एक दोरी. ती दोरीच्या त्या अंगाला, म्या ह्या अंगाला. शेरनकाबनं नकाबाला हात घातला. म्हणलं, आता पोरीचं तोंड कसं होतंय ते बघावं. तर ती आधीच माझ्याकडं बघून राहिलेली."

"तुमच्याकडं का?"

मामूंनी पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला, उगाचच.

"सात वर्सांची असंल. एक दिस वाचता वाचता थांबली. माझ्या गालावर असा हात ठिवला अन् कानात म्हणली, अब्बा, शेरनकाब तुमीच ना? ह्ये वण लोकांनी बघू नये म्हणून नकाब लावता ना?" ते हसले. "आता काय सांगावं? म्या म्हणलो, कुनाला बोलू नको. बास, तेवढंच. पुन्हा कधी ती बोलली न्हाई, म्याबी बोललो न्हाई. म्हणलं, मोठी झाली, इसरली असंल. लगीन झालं, आता तिला लेकरू व्हायचंय. अन् तंबूत समदे शिट्ट्या मारून राहिले, तर ती पडद्याकडं बघंना. माझ्याकडं बघून हसून राहिली. डोळ्याला पानी."

मला त्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं, देवीच्या वणांचं. इतके दिवस मनात ठेवलेली माफी मी तिथंच मागून टाकली, जशी आली तशी. "मामू, मी तेव्हा फार वाईट बोलले हो. माफ करा मला."

"कवा?" ते म्हणाले. आठवत होतं त्यांना, पण म्हणाले, "कवा?"

मी डोळे पुसले.

"पडद्यावर तुमचाच गोरा हिरो असंल," मामू म्हणाले. "चांगला हाय म्हनतात."

"ठीकठाक आहे," मी म्हणाले.

अंक शिवून झाले होते. लाल कापड नुकतंच बसवलेलं, कडेला खळ ओली चकाकत होती. मला घाई झाली होती, मी हात पुढं केला.

"सबर करा," मामू म्हणाले. "जिल्द वाळू द्या."

कचेरीची वेळ होऊन गेली होती. मी स्टूल ओढलं आणि ती वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.