आठवी हद्द

बद्रीनाथनं नकाशा टेबलावर पसरला आणि हद्दी पुन्हा मोजल्या. वाळूजकडच्या त्या शिवारात विजेच्या डीपी होत्या सात. नकाशात हद्दी आठ.

वीज कचेरीत नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याचा तोरा नकाशे काढणाऱ्या बद्रीनाथलाच जास्त. हिशेब साधा. घराला जी डीपी सगळ्यात जवळ, तिचीच वीज त्या घराला. दोन डीपींच्या बरोबर मधोमध रेघ मारली, की झाली हद्द. लाइनमन मल्हारीनं प्रत्येक डीपीच्या बुडाशी एक दगड लाल रंगवायचा, मोजणीवाल्यांनी लाल दगड मोजत जायचं. बद्रीनाथ स्वतः पडताळायला निघाला, तोच विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद झालं आणि एसट्या आगारातच थांबल्या. मोजणी तशीच कॉम्प्युटरात गेली. उद्या मोठे साहेब नकाशा बघणार होते. चूक निघाली, तर कॉम्प्युटरवर कापड आणि बद्रीनाथच्या हातात पुन्हा पट्टी-पेन्सिल.

दिवेलागणीला तो मल्हारीसोबत आठव्या हद्दीत पोचला. ओढ्याअलीकडं कारखान्यांचा लखलखाट, पलीकडं धनगरवस्तीवर मिट्ट अंधार. वारा नव्हता, तरी लिंबाची पानं हलत होती. एक कुत्रं भुंकेल तर शपथ. लिंबाखाली लालभडक दगड, पुढं पणती.

"कोण हाय?"

बद्रीनाथनं मल्हारीचा दंडच धरला. काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. वस्तीवरची बानाबाई.

"आजी, हा दगड कुणी रंगवला?"

"रंगवतंय कोण? म्हसोबा आपसूक परगटला. लेक बाळंतपणाला आलीय. मागल्या बारीला चिमणीच्या उजेडात सुईणीला काय दिसंना, नातू गेला माझा. म्हून नवस बोलले, उजेड दे म्हणलं."

"मल्हारी, ब्रश इथं पुसलास ना?"

"आईची आण साहेब, म्या वढा वलांडलाच नाय."

बद्रीनाथ म्हातारीकडं वळला. "आजी, ही हद्द खोडावी लागेल."

"खोडा की. पण त्याला इचारून खोडा."

बद्रीनाथनं दगडाकडं बघितलं आणि हद्द तशीच ठेवून परत फिरला.

सकाळी साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "आठवी डीपी कुठंय?"

बद्रीनाथचा हात खोडरबराकडं गेला, तोच साहेब स्वतःच बोलले.

"चोरीला गेली म्हणा की. डीपीतलं तांबं टिकतंय कुठं इथं? कॉम्प्युटर थोडाच खोटं बोलणार? नवी बसवा."

डीपी बसली. बल्बाच्या उजेडात बानाबाईला नात झाली. मग म्हातारी थेट कचेरीत आली, नारळ ठेवला आणि कॉम्प्युटरच्या कपाळाला शेंदूर फासला. तिला अडवणं बद्रीनाथच्या जिवावर आलं.

पुढच्या मोजणीचा नकाशा निघाला. डीपी आठ, हद्दी नऊ.

बद्रीनाथनं खोडरबर उचललं, परत ठेवलं.

"मल्हारी, नवव्या हद्दीत कोण राहतं ते बघून ये," तो हळूच म्हणाला. "आणि जाताना नारळ ने."