घेऊन जा की!

सौमित्रचं म्हणणं असं होतं, की आई ही एक सिस्टीम आहे आणि कुठलीही सिस्टीम तो आठवड्याभरात सुधारून दाखवतो!

साल दोन हजार सहा. सौमित्र खराडीच्या एका आयटी कंपनीत परदेशी बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेत होता आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र रविवारीही काढत नव्हता. त्या काळी पुण्यात अशी मुलं दर जिन्यात एक तरी सापडायची. दोन वर्षांच्या नोकरीत त्यांना जगातलं बहुतेक सगळं कळलेलं असायचं. राहिलेलं ती इंटरनेटवर वाचायची.

इंटरनेटवरच त्याला आईचं कोडं सुटलं. चार पानं छापून आणून त्याने वडिलांपुढे ठेवली.

"बाबा, आईला ऑटिझम आहे! स्पेक्ट्रमवर आहे ती; अशी माणसं बोललेलं शब्दशः घेतात. बघा, सगळी लक्षणं जुळतात."

गोपाळकृष्णरावांनी पेपर दोन बोटं खाली केला. "बरं. आम्ही इतकी वर्षं त्याला स्वभाव म्हणत होतो." पेपर पुन्हा वर गेला.

खरं तर सरोजिनीबाई दुसऱ्या कुठल्याही गावात असत्या, तर ही गोष्ट तीस वर्षं आधीच लोकांच्या लक्षात आली असती. पण त्या पुण्यात, आणि त्यातही पोस्टाच्या काउंटरवर बसत! "मॅडम, जरा लवकर होईल का?" असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "नाही." "ओळखलंत का मला?" "नाही." जेवढा प्रश्न तेवढंच उत्तर, आणि चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. पुणेकरांना यात काही वावगं दिसेना. उलट 'बाई अस्सल आहेत हो!' असा त्यांचा लौकिक झाला. लोकांना तो खवचटपणा वाटायचा आणि बाई बिचाऱ्या फक्त उत्तर देत असायच्या.

या उत्तरांनी आपल्या बालपणाचं वाटोळं केलं, असं सौमित्रचं ठाम मत. चौथीत एकदा शाळा बुडली, तर आईने वर्गाच्या बाईंना चिठ्ठी दिली: 'सौमित्र काल आजारी नव्हता. आम्ही सिनेमाला गेलो होतो. सिनेमा बरा होता.' वाढदिवसाला मित्रांना पाच ते सात बोलावलं होतं. सातच्या ठोक्याला आई उठून म्हणाली, "सात वाजले. आता आपापल्या घरी जा." पोरांच्या हातात आइस्क्रीम होतं! ती जिना उतरत चाटत गेली. तेव्हापासून आईला लोकांपासून लपवायचा जो उद्योग सौमित्रने मांडला, तो सव्विसाव्या वर्षीही जोरात चालू होता. तीच आई सोळा वर्षं रोज सहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा डबा भरत होती, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आता प्रसंग बाका होता. त्याच्याच ऑफिसातल्या अपेक्षाशी त्याने लग्न ठरवलं होतं. ती लोणी काळभोरची, रंगराव आणि मुक्ताई यांची एकुलती एक मुलगी. दोघं रविवारी मुलाचं घर बघायला येणार होते. "जातीपातीचं मी बघत न्हाई," रंगरावांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, "पर मानसं मोकळी पायजेत. त्या घरात जीव गुदमरला, तर मी न्हाईच म्हननार!"

सौमित्र एकदा लोणीला जाऊन आला होता. तिथे 'नको' म्हटलं तरी ताटात पडतंच होतं. पेरूचं कौतुक केलं, तर "घिऊन जा की!" म्हणत रंगरावांनी पोतंच गाडीत टाकलं. सौमित्रच्या तल्लख डोक्याने ताडलं, की ही माणसंसुद्धा ठरावीक नियमांनी चालतात. मग काय अवघड आहे! त्याने नियम टाइप केले, छापले आणि आईच्या हातात दिले.

एक: पाहुणे नको म्हणाले, तरी तीनदा आग्रह करायचा. दोन: त्यांनी स्वतःला कमी लेखलं, की 'छे छे, तसं काही नाही' म्हणायचं. तीन: त्यांनी कशाचंही कौतुक केलं, की 'घेऊन जा की!' म्हणायचं.

सरोजिनीबाईंनी कागद शांतपणे वाचला. "हे खोटं आहे."

"खोटं नाही गं आई! पद्धत असते ती! सगळ्या जगाला माहीत असते, तुला सोडून!"

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवली.

रविवारी सकाळी रंगराव मार्केट यार्डात फ्लॉवर उतरवून, तोच रिकामा टेम्पो घेऊन सहकारनगरात आले. बरोबर मुक्ताई, अपेक्षा आणि टेम्पो चालवणारा सुखदेव. सुखदेव खालीच थांबला, बाकीची मंडळी तीन मजले चढून वर आली.

सुरुवात तर अशी झाली की सौमित्रची छाती फुगली! मुक्ताई पोह्यांना "नगं" म्हणाल्या. आईने मोजून तीनदा आग्रह केला आणि बशी भरली. मुक्ताई म्हणाल्या, "आमी आपली अडानी मानसं." आई लगेच म्हणाली, "छे छे, तसं काही नाही!" सौमित्रने अपेक्षाकडे असं पाहिलं, जणू आई त्याने स्वतः घडवली होती.

मग रंगरावांनी भिंतीवर नजर टाकली. "घड्याळ झ्याक हाय हो तुमचं!"

"घेऊन जा की!"

आता गंमत ऐका. लोणीत पेरू खरोखर देतात आणि घड्याळ नुसतंच देऊ करतात. दोन्हींतला फरक देणाऱ्याच्या हसण्यात असतो. तो हसला, की समोरच्यानेही हसायचं आणि विषय संपवायचा. आपल्या हुशार सौमित्रने हे हसणं नियमांत लिहिलंच नव्हतं! रंगराव हसून "नको नको" म्हणाले. सरोजिनीबाई न हसता "घेऊन जा" म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर त्या स्टुलावर चढल्या आणि घड्याळ काढून त्यांनी रंगरावांच्या मांडीवर ठेवलं. होणाऱ्या विहीणबाईंचा अपमान कसा करायचा? रंगराव घड्याळ धरून बसले.

सौमित्र आईला डोळ्यांनी खुणावू लागला.

"सौमित्र, डोळ्यात काही गेलंय का?" आईने विचारलं. "पाण्याने धू."

इतकं मोठं काही हातात पडल्यावर देणाऱ्याच्या घराचं चार शब्दांनी कौतुक करायचं, ही लोणीची रीत. मुक्ताईंनी लोणच्याची बरणी वाखाणली. बरणी गेली! रंगरावांनी घाबरून रेडिओला चांगलं म्हटलं. रेडिओ गेला! मग मिक्सर, मग दोन पडदे. जेवढं मिळे तेवढं कौतुक वाढे, आणि जेवढं कौतुक वाढे तेवढं मिळे! असलंच न संपणारं चक्र पकडायचा सौमित्रला पगार मिळत होता, पण इथे तो नुसता घाम पुसत होता. आरामखुर्चीचं नाव निघालं, तेव्हा गोपाळकृष्णराव तिच्यातच होते. ते पेपरासकट उठले आणि भिंतीला टेकून पुढचं पान वाचू लागले.

वस्तू खाली नेता नेता सुखदेव तीन मजले चौथ्यांदा चढून आला. "घर बदलताय व्हय?" त्याने धापा टाकत विचारलं.

शेवटी मुक्ताईंनी टेम्पोत घालता येणार नाही असं काही तरी शोधलं. "वस्तूंचं ऱ्हाऊ द्या ताई. पोरगा लई गुनी हाय तुमचा!"

"घेऊन जा की!"

"अवो न्हाई, तसं न्हवं..."

"घेऊन जा."

"अवो ताई, येकुलता येक हाय त्यो तुमचा!"

"घेऊन जा. लोणीहून मांजरीमार्गे त्याला खराडी जवळ पडेल."

रंगरावांना मुलगा नव्हता. त्यांचा चेहरा हळूहळू उजळू लागला, तसा सौमित्र किंचाळला, "आई, बास!"

"हो, तीनदा झालंय," आई म्हणाली आणि चष्म्याच्या घरातून कागद काढून तिने खात्री केली. "आग्रह तीनदा, असं लिहिलं आहेस."

"काय लिवलंय बगू?" रंगराव म्हणाले. त्यांनी मागितला म्हणून सरोजिनीबाईंनी कागद दिला. रंगरावांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. अपेक्षा आधी हसली आणि मग हसायची थांबली.

"म्हंजी आमच्याशी कसं वागायचं, त्याचा कागद काडलाय तुमी?"

"काका, तो तुमच्यासाठी नव्हता, आईसाठी..."

"आन् आमच्या घरी 'असा पेरू जन्मात खाल्ला नाही' म्हनलास, त्ये?"

सौमित्रने तोंड उघडलं. पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर सरोजिनीबाईंना माहीत होतं. "त्याला पेरू आवडत नाहीत. त्याने सोसायटीत वाटून टाकले. मी आठ खाल्ले. चांगले होते."

रंगराव उठले. "अपेक्षा, चल!"

सौमित्रचं दोन वर्षांचं प्रेम घड्याळ आणि मिक्सरच्या शेजारी टेम्पोत चढून निघालं होतं!

मुक्ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "थांबा वो जरा. ह्या घरात येकच मानूस खरं बोलतंय, त्यास्नीच इचारू. ताई, पोरगा कसा हाय? बिनकागदाचं सांगा."

सौमित्रने डोळे मिटून घेतले. जे तोंड त्याने साऱ्या जगापासून लपवलं होतं, त्याच तोंडावर आता त्याचं लग्न येऊन ठेपलं होतं.

सरोजिनीबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "कामाला नियमित आहे. यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा बारा दिवस दवाखान्यातून हलला नाही. बढाया मारतो. लोकांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलतो, पण ते कळतं."

"कसं कळतं, काकू?" अपेक्षाने विचारलं.

"त्याचे कान लाल होतात. मला चेहऱ्यावरून काही समजत नाही. लहानपणी हा चिडलाय की घाबरलाय, तेही कळायचं नाही. म्हणून मी कान बघायला शिकले."

गोपाळकृष्णरावांचा पेपर खाली आला. सौमित्रला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, चांगली सणसणीत वाटली! अस्सल पुणेकर असल्यामुळे तो नुसता खोकला.

"बाबा, बसा," अपेक्षा रंगरावांना म्हणाली. "हे मला लग्नाआधी कळलं ते फार बरं झालं. सौमित्र, इकडे बघ. तुला काकूंची लाज वाटते का रे?"

"छे! अजिबात नाही!"

रंगराव, मुक्ताई, अपेक्षा, गोपाळकृष्णराव आणि दारात पडदे धरून उभा असलेला सुखदेव, सगळ्यांच्या नजरा एकदम त्याच्या कानांवर गेल्या. सरोजिनीबाईंनी चष्मा नीट केला आणि पुढे वाकून पाहिलं.

"वाटते," त्या म्हणाल्या. "पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी."

साखरपुडा वैशाखात झाला. सगळ्या फोटोंत सौमित्रचा फेटा दोन्ही कानांवरून खाली ओढलेला आहे. ऊन फार होतं, असं तो सांगतो!