बरं म्हणण्याचे परिणाम

भिंतीला कान असतात ही म्हण आमच्या रुग्णालयाने गेल्या वर्षी अमलात आणली. प्रत्येक खाटेमागे एक पांढरी डबी बसवली. रुग्णाची नाडी, श्वास आणि बोलणं यांची माहिती गोळा करून कोणाला कधी घरी सोडायचं ते ती ठरवते. नाडी आणि श्वासाला वीस-वीस गुण, बोलण्याला साठ. कारण आमचं धोरण रुग्णकेंद्रित आहे.

लोकांनी डबी स्वीकारली की नाही हे पाहायला मी आहे. माझं पद जनस्वीकृती अधिकारी. माझ्या फॉर्मवर दोन पर्याय आहेत: 'मान्य आहे' आणि 'थोड्या वेळाने मान्य करेन'. त्यामुळे स्वीकृती शंभर टक्के आहे. त्याबद्दल मिळालेलं सन्मानपत्र मी आल्यागेल्याला दिसेल असं ठेवतो.

डबीला शब्द शिकवण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण त्या बैठकीत मी एकटाच जागा होतो. 'दुखतंय' म्हणजे त्रास, 'बरं' म्हणजे बरं वाटणं, अशी यादी मी दुपारच्या चहापर्यंत हातावेगळी केली. कुणी हरकत घेतली नाही. सगळे 'बरं' म्हणाले.

मग माझ्या आईला दम लागायला लागला आणि तिला आमच्याच रुग्णालयात दाखल केलं. आई जन्मात कोणाला नाही म्हणालेली नाही. सिस्टरांनी गोळी दिली, आई म्हणाली, "बरं." कुशीवर वळायला सांगितलं, "बरं." डॉक्टर उद्या येतील, "बरं." संध्याकाळपर्यंत डबीने सदतीस वेळा बरं मोजलं आणि आईला वॉर्डातली सर्वांत लवकर बरी झालेली रुग्ण ठरवून सकाळी घरी सोडण्याचा कागद काढला.

सकाळी आई उशीला टेकून बसली होती. दोन शब्दांच्या मध्ये थांबत होती. पाय सुजले होते. सिस्टरांनी श्वास पाहायला तिच्या पाठीला हात लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की या घरी गेल्या तर परत आणायची वेळ मिळेलच असं नाही.

मी आईच्या कानाशी वाकलो. "आई, दुखतंय म्हण. मोठ्याने म्हण."

"बरं," आई म्हणाली.

डॉक्टरांकडे धावलो. त्यांनाही आईची काळजी वाटत होती. पण डबीचा निर्णय फिरवायचा तर अस्वीकृतीची नोंद हवी, आणि तिच्यावर स्वीकृती अधिकाऱ्याची सही. "तुम्हीच नियम केलाय," ते म्हणाले. "करा सही."

लिहायला लाज वाटते, पण पेन हातात घेऊन मी थांबलो. एक अस्वीकृती म्हणजे शंभराचे नव्व्याण्णव. नव्व्याण्णवाला सन्मानपत्र नसतं. आईने मला पाहिलं. आईच ती, तिला कळलं.

"जाऊ दे रे, घरी जाते मी. तुझ्या कामाला... बाधा नको."

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. डोळे पुसले आणि फॉर्मवर हाताने तिसरा पर्याय लिहिला: 'मान्य आहे, परंतु इथेच राहून'. खाली सही केली. आईची खाट राहिली, माझे शंभर टक्केही राहिले. नऊ दिवसांनी आई घरी आली, खरोखरची बरी होऊन.

शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. सिस्टरांनी त्यांच्याही पाठीला हात लावला होता. त्यांचे एकेचाळीस बरं भरले होते आणि त्यांचा मुलगा माझ्या खात्यात नव्हता. तो कागद घेऊन माझ्याकडे आला, काही करता येईल का म्हणाला. मी त्याला छापील फॉर्म दिला. त्यावर दोनच पर्याय होते. आजोबा त्याच दिवशी घरी गेले. परत आणायची वेळ मिळाली नाही.

डबीच्या नोंदीत ते अजून बरे आहेत. मी यादी दुरुस्त करणार आहे, बैठक लागली की.

तुम्ही हे वाचून मनाशी म्हणाला असाल, "बरं, मग?" तुमची स्वीकृती मिळाली. आभारी आहे.