पिवळ्या पट्ट्यांचा बेंच

रविवारी दुपारी मधुवंती वैरागडे सुपेल्याच्या बाजारातून घरी आली ती ई-रिक्षाच्या मागे मागे सायकल हाणत. रिक्षात तिला जागाच नव्हती. तिच्या जागी एक बेंच बसला होता. चांगला लांबलचक, लाकडी पट्ट्यांचा, कधी काळी हिरवा असलेला. भंगारवाल्या कबाड्याशी तिने इतकी घासाघीस केली, की शेवटी त्याने हात जोडून बेंच तर दिलाच, वर अर्धा डबा पिवळा ऑइल पेंटही दिला आणि म्हणाला, "ले जाओ बिटिया, बस अब दुकान के सामने से हटो." दहावीपर्यंत हीच मधुवंती हजेरीला 'येस मॅम' म्हणायलाही लाजायची. अकरावीत काय झालं कोण जाणे, पण आता तिला थांबवणं कठीण होतं.

आई बरामद्यात शिलाई मशीनशी बसली होती. म्हणजे नुसतीच बसली होती.

"हे काय उचलून आणलं व माय?"

"कस्टमरसाठी. बसाले."

"कस्टमरच नाई, तर बसन कोण?"

"बसाले जागा नाई म्हणून तर येऊन नाही राहिले, आई. थोडा सोच ना."

आईने सोचून पाहिलं आणि तिला ते खरं वाटलं, कारण दुसरं काही कारण तिलाही सापडत नव्हतं.

हे मशीन आईसोबत वर्ध्याहून लग्नातच आलं होतं. इतकी वर्षं ते क्वार्टरच्या मागच्या खोलीत उभं होतं आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडत होते. आईचा हात असा, की बाजारातला नवा ड्रेस ती आधी उसवायची आणि मग तोच नीट शिवायची. पण घराबाहेरच्या कुणासाठी शिवायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. मधुवंतीने हट्ट करकरून मशीन बरामद्यात आणवलं. बाबा स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीला हजेरीची वेळ होती. ते म्हणाले, "दिवाळीपावतर पाहू. नाई जमलं तर मशीन आपल्या जागेवर, अन् इथं माझी मोटारसायकल."

दिवाळी जवळ आली होती. आईने मशीनच्या एका कोपऱ्यावर हळूच दोन इस्त्रीचे शर्ट ठेवायला सुरुवातही केली होती. मधुवंतीला तेवढंच बघवत नव्हतं.

तसं बुटीक दिसायला झकास होतं. बाहेरून आतलं काही दिसू नये म्हणून तिने हळदी रंगाचा जाड पडदा लावला होता. जुन्या कपाटाच्या दारावर तिने स्वतः बोर्ड रंगवला होता, वळणदार अक्षरांत आईचं नाव: 'सुहासिनी'. बस. पुढे टेलर नाही, शिलाई नाही, काही नाही. "बुटीकवर नुसतं नाव राहते, आई. क्लास दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेची वेणी घालत बाहेर आली आणि तिथेच थांबली. बेंचवर दोन माणसं बसली होती. पलीकडच्या रस्त्यावरच्या रत्नमालाकाकू आणि त्यांच्याशेजारी प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले श्यामराव.

"आई, कस्टमर," ती आत जाऊन कुजबुजली. "दोन. लाइनमधी बसून राहिले."

आईने पदर सारखा केला, टेप गळ्यात अडकवला आणि पडदा बाजूला सारला. रत्नमालाकाकू लगेच उठून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"काय दाखवायचं आहे?" आईने विचारलं.

"गुडघा."

आईने आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग टेपकडे. पण पहिली ग्राहक. सलवारीचं काही असेल. "माप घेऊ?"

"घ्या ना बाई. पहिल्यांदाच कोणी विचारून राहिलं."

आईने उजव्या गुडघ्याचं माप घेतलं. मग शिवणाऱ्याच्या सवयीने डाव्याचंही घेतलं. "उजवा बोटभर जास्त भरते," ती म्हणाली.

रत्नमालाकाकूंचे डोळे भरून आले. "हेच मी घरी सांगून सांगून थकली. सुजला म्हटलं तर कोणी मानत नाई. देशकर डॉक्टरांनी पण कधी मोजून नाई पाहिलं." त्यांनी तळहात पुढे केला. "द्या गोळ्या."

"कसल्या गोळ्या?"

"त्या पांढऱ्या. साबुदाण्यासारख्या. गोड."

मग हळूहळू उलगडा झाला. बेंच होता डॉक्टर सूर्यकांत देशकरांच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यातला. डॉक्टर मुलाकडे नागपूरला राहायला गेले, दवाखाना बंद झाला आणि सामान कबाड्याकडे गेलं. वैरागड्यांचे सगळे आजार प्लांटच्या हॉस्पिटलात जात, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. बाकी अर्ध्या सेक्टरने आपला ताप, खोकला आणि सांधेदुखी याच बेंचवर बसून काढली होती. त्याचा एक पाय आखूड होता आणि बसलं की तो डुगडुगायचा.

"बसल्याबरोबर हलला ना, तेव्हाच मी म्हटलं, हा आपलाच बेंच," श्यामराव बाहेरूनच म्हणाले. "डॉक्टर गेला, पण बाई बसवून गेला. बोर्डावर नाव पण बाईचंच. अन् गळ्यात ते नळीसारखं."

"तो टेप आहे, आजोबा. आम्ही कपडे शिवतो," मधुवंती म्हणाली.

"शिवा ना. आम्ही कुठं नाई म्हणून राहिलो." आणि श्यामराव बसूनच राहिले. दवाखाना बंद झाल्यापासून त्यांना सकाळी बसायला जागा उरली नव्हती.

दोन-तीन दिवसांत बेंच भरायला लागला. गोळ्या मिळत नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं, पण तेवढ्याने कोणी उठेना. आई बिचारी विचारायची, "कसं आहे आता?" आणि पुढचा अर्धा तास ऐकत बसायची. रत्नमालाकाकू सांगत फिरल्या, की या बाईंनी नुसतं मोजलं आणि गुडघा हलका झाला. ब्लाउज मात्र कोणी आणला नाही.

गुरुवारी शेजारचे ओमप्रकाश अंकल कुंपणावरून बाबांना म्हणाले, "वैरागडे जी, भाभीजी ने दवाखाना खोल लिया, बताया भी नहीं. डिग्री-विग्री है ना? आजकल बहुत चेकिंग चल रही है."

त्या संध्याकाळी बाबांनी अर्धी पोळी टाकून ताट सरकवलं. "उद्या कोणी तक्रार केली तर मी काय सांगू? माझी बायको गुडघे मोजते म्हणून? तो बेंच आधी बाहेर काढ."

"बेंच नाई, बाबा, बेंचचा रंग काढते. पिवळा केला की कोणी ओळखणारच नाई," मधुवंती म्हणाली. "ट्रस्ट मी."

या दोन शब्दांनंतर घरात नेहमी काहीतरी व्हायचं, हे बाबांना माहीत होतं. पण दमले होते, म्हणून ते झोपायला गेले.

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या तिने सँडपेपर घेऊन हिरवा रंग घासला, कबाड्याचा डबा उघडला. रंगावर दुधावर यावी तशी जाड साय आली होती. ती तिने काडीने काढून टाकली आणि खालचा घट्ट रंग एकाच हातात जाडजूड थापला, कारण दुसरा हात द्यायला तिला धीर नव्हता. बेंच सूर्यफुलासारखा उजळला. शनिवारी तिने बोट लावून पाहिलं. बोट कोरडं. रविवारी सकाळी पुन्हा लावलं. कोरडं. रंग वरून सुकला होता आणि आतून मुळीच सुकला नव्हता, पण हे बोटाला कळणारं नव्हतं. त्यासाठी तासभर बसावं लागतं.

आणि बसायला लोक तयारच होते. झालं असं, की तिला रंग देताना रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्याला रंग लागतो आहे, म्हणजे काय? म्हणजे डॉक्टर परत येताहेत. रविवारी सकाळी बेंचवर मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"डॉक्टर नाई येऊन राहिले," बाबा हात जोडून सांगत होते. "हा दवाखानाच नव्हे."

"असू द्या, असू द्या. तुम्ही बसा," म्हणत श्यामरावांनी सरकून त्यांना जागा केली. समजावून सांगायला बसून बरं पडेल, म्हणून बाबाही बसले.

तासाभराने श्यामरावांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या नातीचं साक्षगंध होतं कुम्हारीला, म्हणजे साखरपुडा. अंगात पांढराशुभ्र लांब कुर्ता, खास आजच्यासाठी. ते उठले, आणि चिकटपट्टी ओढावी तसा चर्र आवाज आला.

सगळे त्यांच्या पाठीमागे पाहू लागले. कुर्त्यावर तीन पिवळे पट्टे होते, आडवे, अगदी सरळ.

मग रत्नमालाकाकू उठल्या. चर्र. मग बाकीचे. शेवटी बाबा. एकाच शाळेचा गणवेश घातल्यासारखी सगळी माणसं एकमेकांची पाठ पाहत उभी राहिली.

"बस येईन आता माझी," श्यामराव एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता पडला. "नातीच्या सासरचे लोक पाहतीन."

मधुवंतीच्या तोंडून शब्द फुटेना. अकरावीत आल्यापासून पहिल्यांदाच. तिला मशीन पुन्हा मागच्या खोलीत गेलेलं दिसलं, त्यावर शर्टांचा ढीग, आणि हे सगळं तिच्यामुळे. तिने आईकडे पाहिलं. आता आईला घाम फुटणार, याची तिला खात्री होती.

आई कुर्त्याकडे पाहत होती. माणसाकडे नाही, नुसतं कापडाकडे.

"कुर्ता उतरवा," आई म्हणाली.

"अं?"

"उतरवा म्हणते ना. अहो, यांना तुमचा शर्ट द्या. मधू, कात्री. अन् तो पिवळा कपडा आण, पडद्याचा उरलेला."

हा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. श्यामराव निमूट बनियनवर आले. आईने पेंटच्या पट्ट्यांवर हळदी कापडाच्या पट्ट्या ठेवल्या आणि त्या मागेच न थांबवता फिरवून पुढपर्यंत आणल्या. मग बाह्यांना एकेक, गळ्याला एक बारीक. मशीन असं धावत होतं, की बाहेर कोणी बोलेना. उरलेलं कापड संपलं.

"संपलं आई," मधुवंती म्हणाली.

आईने मान वर न करता सांगितलं, "पडदा काढ."

"आई, बुटीकचा क्लास..."

"काढ."

मधुवंतीने क्लास उतरवला आणि आईच्या हातात दिला. आईने तो कापला. श्यामरावांच्या कुर्त्यानंतर रत्नमालाकाकूंच्या साडीला काठ लागला, मग एकेकाचं काही ना काही. पडदा गेल्यामुळे रस्त्यावरून आता सगळं दिसत होतं: मशीन, कात्री, आणि मागे वळूनही न बघता शिवत असलेली आई. रविवारचा दिवस, भाजीची पिशवी घेतलेले लोक फाटकाशी थांबून बघू लागले.

"अरे, ये तो सिलाई करती हैं," ओमप्रकाश अंकल कुंपणावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती. मग ते घरात जाऊन दोन पँट घेऊन आले.

श्यामरावांना बस मिळाली. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच हजर. "नातजावई विचारून राहिला, कुर्ता कोणत्या दुकानचा? त्याच्या बापाले पण तसाच पाहिजे. पट्टे जरुरी आहेत म्हणे."

बाबांनी मोटारसायकलीसाठी बरामद्याच्या बाहेर पत्रा टाकून घेतला. आपल्या पँटवरच्या पट्ट्यांबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. ती पँट त्यांनी ऑफिसात मात्र एकदा घातली.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. मधुवंतीने बोर्डावर 'सुहासिनी'च्या खाली 'टेलर' लिहिलं, तेही वळणदार. रंगाचा अजूनही भरवसा नव्हता, म्हणून बेंचवर जुनी चादर अंथरली होती. आणि एका सकाळी फाटकाशी ऑटो थांबला. त्यातून पांढऱ्या सफारीतले एक वयस्कर गृहस्थ उतरले, हातात बॅग, कपाळावर आठ्या.

"माझ्या बेंचवर कोण प्रॅक्टिस करून राहिलं?" त्यांनी विचारलं. "मला नागपूरला फोन आला. गुडघे मोजते म्हणे कोणी बाई."

मधुवंती समजावून सांगायला पुढे झाली. पण रत्नमालाकाकू जागेवरून हलल्यासुद्धा नाहीत. "या डॉक्टर. नंबरानं बसा. माझ्या मागे श्यामराव, त्यांच्या मागे तुम्ही."

देशकर डॉक्टरांना नंबराने बसायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते गोंधळून बसले. बेंच डुगडुगला. त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा टेकून पाहिलं. पुन्हा डुगडुगला.

"हा हलते?"

"पहिल्यापासून," श्यामराव म्हणाले.

"मग मला कोणी सांगितलं नाही ते?"

"तुम्ही इथं कधी बसलेच नाई ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी रत्नमालाकाकूंकडे वळून विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि रत्नमालाकाकूंनी सांगायला सुरुवात केली. ते ऐकत राहिले. मध्ये घड्याळ पाहिलं नाही, पुढच्याला हाक मारली नाही. नागपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांना कुणी आपला गुडघा सांगत नसावं.

मधुवंती पुठ्ठ्याची घडी घेऊन आखूड पायाशी वाकली. श्यामरावांनी तिचा हात धरला. "राहू दे पोरी. हलत राहिला तर आपला नंबर येऊन राहिला असं वाटते."

थोड्या वेळाने, आधीच्या दोघांचे नंबर झाल्यावर, आईने आतून हाक मारली, "चला, पुढचा नंबर. या डॉक्टर, काय आहे?"

डॉक्टरांनी सफारीचं एक तुटलेलं बटण मुठीत झाकलं आणि फाटकातून नुकत्याच आत आलेल्या बाईंकडे हात दाखवला.

"यांना जाऊ द्या आधी. मला घाई नाही," ते म्हणाले, आणि टाचेने बेंच हळूच डुगडुगवू लागले.