तांडेलाच्या खाणाखुणा

तांडेलाच्या थोरल्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या सालची ही गोष्ट. मोबाइल तेव्हा कुणाच्या खिशात नव्हते. लेकीचं सासर पलीकडच्या काठाला, मधे समुद्र. जावई दूर नोकरीवर. सकाळीच निरोप आला, कळा सुरू झाल्यात, आईला पाठवा.

"पाठवा कसलं? मीच पोचवतो!" तांडेल छाती फुगवून म्हणाला. "रस्त्याने अर्धा दिवस मोडेल. माझ्या होडीने चहा निवायच्या आत पलीकडे!"

मध्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. तांडेलाने त्याला चुचकारलं, शिव्या दिल्या, शेवटी लाथ घातली. इंजिन ढिम्म!

बायको बोचकं पोटाशी धरून बसली होती. "अहो, ते मदतीचे लाल बाण सोडा ना!"

"ते बुडणाऱ्यांनी सोडायचे. आपण बुडतोय का?"

"पोर तिकडे एकटी आहे!"

"बरं बाई, सोडतो." त्याने पेटी उघडली आणि हळूच मिटली.

"काय झालं?"

"धाकटा दहावी पास झाला तेव्हा... उडवले."

"सगळे?"

"अगं, पहिल्या वर्गात आला होता!"

तेवढ्यात माणसांनी भरलेली लाँच दिसली. तांडेल टपावर चढला. दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली, वर-खाली. अडचणीत आहोत, ही समुद्रावर सगळ्यांना कळणारी खूण. लाँचवरच्या झाडून सगळ्यांनी आनंदाने हात हलवले!

त्यांचा तरी काय दोष? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीला हात केल्याशिवाय तांडेलाला अन्न पचत नसे. त्याने भोंगा दाबून धरला. लाँचनेही तेवढाच लांब भोंगा दिला आणि निघून गेली.

"झाले नमस्कार-चमत्कार?" बायको म्हणाली.

मग बर्फवाल्याची होडी आली. तांडेलाने बोचक्यातली चादर वल्ह्याला बांधून फडकवली.

"वहिनी, आज कपडे समुद्रावर वाळत?" बर्फवाला ओरडला.

तांडेलाने तेलकट चिंध्या डब्यात पेटवल्या. भसाभस काळा धूर!

"मासळी करपतेय, तांडेल! येतो तोवर आमचा वाटा ठेवा!"

"अरे, इंजिन बंद पडलंय!" तांडेल घसा फोडून ओरडला. पण बर्फवाल्याचं स्वतःचं इंजिन असं धडधडत होतं, की त्याला एक अक्षर पोचलं नाही. तोही गेला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "जन्मभर उगाच हात हलवलेत, म्हणून आज कुणी ढुंकून बघत नाही. माझी पोर आई आई करत असेल हो..."

 तांडेल कडेला टेकला आणि गुडघ्यांत मान घालून बसला.

बर्फवाला परतला, तेव्हा तांडेलाने हात केला नाही. मानसुद्धा वर केली नाही. बर्फवाल्याने घाईघाईने इंजिन बंद केलं, होडी भिडवली आणि टोपी काढली.

"वहिनी, कधी झालं हो हे?"

"काय?"

"तांडेल... गेले ना?"

"जिवंत आहे रे, मेल्या! दोर टाक!" तांडेल गरजला.

बर्फवाल्याने त्यांना ओढत पलीकडे नेलं. बायको धावत लेकीच्या खोलीत शिरली, आणि तिचा हात धरूनच लेक मोकळी झाली. इकडे परतीच्या फेरीवरच्या लाँचवाल्यांनी बर्फवाल्याला टोपी काढताना लांबून पाहिलं होतं. संध्याकाळी आजोबा झालेला तांडेल घरी परतला, तर दारात खांदा द्यायला गर्दी!

तांडेल खरोखर वारला तो पुढे, ही नात कॉलेजात गेली त्या हिवाळ्यात, रविवारी दुपारी, घरच्या खाटेवर.