बिजलीधर मरना नही

आमचे घरमालक विश्राम नाना आंघोळीला जाण्याआधी घोषणा करतात. मोरीच्या दारात उभं राहायचं, गळ्याला दोन बोटं लावायची आणि खणखणीत आवाजात सांगायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाना आंघोळीसाठी मार्गस्थ होत आहेत." घरात प्रवासी म्हणजे एकट्या नानी. त्या पोळ्या लाटता लाटता मान वर न करता "व्हा मार्गस्थ" म्हणतात. मी वरच्या खोलीत नवा भाडेकरू म्हणून आलो त्या पहिल्या सकाळी ही घोषणा ऐकून बॅग घेऊनच जिना उतरलो होतो.

नाना धुळ्याच्या बसस्थानकावर तीस वर्षं माइकवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, माइक तिथंच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. गावात त्यांचा चेहरा ओळखणारे थोडे. आवाज सगळे ओळखतात. भाजीबाजारात त्यांनी वांग्याचा भाव विचारला की भाजीवाली खाली बघतच विचारते, "नाना, शिरपूर गाडी कव्हय शे?" नाना वेळ सांगतात. ती बरोबर असते की नाही हे कुणी पाहत नाही, पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं.

घोषणा शुद्ध मराठीत आणि बाकी सगळं अहिराणीत, अशी त्यांच्या तोंडाची वाटणी आहे. तत्त्व मात्र एकच. निघालेली गाडी मुक्कामी पोचली पाहिजे. अर्धवट गोष्ट त्यांना सहन होत नाही. माझ्या टेबलावर निम्म्यात उलटं ठेवलेलं पुस्तक दिसलं की विचारतात, "सर, हाई गाडी कोठे बंद पडनी?" मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्याकडे बंद पडलेल्या गाड्या भरपूर आहेत.

अशा माणसाच्या नशिबी 'बिजलीधर' यावा, हे वाईटच झालं.

'बिजलीधर' ही हिंदी मालिका. वीज मंडळातला एक साधा लाइनमन खांबावर असताना त्याच्यावर वीज पडते आणि त्याच्या अंगात शक्ती येते. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता तो कुणाला तरी वाचवायचा. अकरा वर्षं वाचवत होता. काळा मुखवटा घातलेला एक दुष्ट त्याच्या मागे होता आणि त्या मुखवट्याआड कोण, हे कोडंही अकरा वर्षं टिकलं होतं. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "नाना, आपल्याकडे वीज जाते तेव्हा हा कुठं असतो?" नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण नाना ही मालिका स्वतःसाठी बघत नव्हते. ते बघायचे अक्कासाठी.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन मुक्ताईनगरकडच्या एका गावात गेली, आता सत्तरीच्या पुढं आहे. आधी दोघं आपापल्या घरी मालिका बघायची आणि रविवारी सकाळी नऊला फोनवर तिची चर्चा करायची. सहा वर्षांपूर्वी अक्काची नजर गेली. नानांनी त्याच रविवारी फोन केला आणि म्हणाले, "आते मी सांगस, तू ऐक." तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. कोण कुठून आलं, आकाशाचा रंग कसा होता, बिजलीधरच्या आईनं कोणतं लुगडं नेसलं होतं, सगळं सांगायचे. वीस मिनिटांचा भाग सांगायला नाना पाऊण तास लावायचे. नानी मला एकदा म्हणाल्या होत्या की मालिका सुरू व्हायच्या आधी या बहीणभावांचा फोन अर्ध्या मिनिटात संपायचा. "तब्येत?" "बरी शे." "तुनी?" "बरी शे." मग दोघं गप्प, आणि फोन बंद. एकमेकांवर जीव होता, पण बोलायला विषय नव्हता. तो बिजलीधरनं दिला.

आणि मग या वर्षी मालिका संपली.

शेवटचे चार भाग कुणी लिहिले ते मला माहीत नाही. लिहिणाऱ्याला दुपारची गाडी पकडायची असावी, असं नानांचं मत आहे. पहिल्या भागात बिजलीधरची आई अचानक तीर्थयात्रेला गेली ती परत आलीच नाही. दुसऱ्यात त्याची शक्ती गेली. का, ते सांगितलं नाही. तिसऱ्यात निम्मा वेळ जुन्या भागांची चित्रं दाखवली. आणि शेवटच्या भागात दुष्टाचा मुखवटा उतरला, तर आत कुणीतरी भलताच माणूस! अकरा वर्षांत एकदाही न दिसलेला. नानांनी खुर्चीतून उठून टीव्हीला विचारलं, "तू कोन रे भो?" तेवढ्यात मालिकेत बिजलीधर चढलेला टीव्हीचा मनोरा कोसळला, धूर झाला, पडदा काळा पडला आणि एक भारदस्त आवाज म्हणाला, "और बिजलीधर अमर हो गया." संपलं. पुढं साबणाची जाहिरात.

मी तेव्हा खालीच चहा पीत होतो. नानांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तो मरना नही."

"नाना, त्यांनी सांगितलं ना आत्ता."

"सांगं ना! दखाडं का? नुस्ती घोषणा करी. घोषणा व्हयनी म्हनीसन गाडी लागनी असं व्हस का? तीस वरीस घोषणा मी करी, आनि हाई लोक माले शिकाडतस!"

यावर खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो मास्तर. मी त्यांना समजावलं की गोष्ट लेखकाची असते, शेवट कसा करायचा हा त्याचा अधिकार असतो, आपण तो स्वीकारायचा असतो. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो आणि मुलं वहीत उतरवून घेतात. नाना वर्गातले नव्हते. म्हणाले, "गाडी डायवरनी शे म्हनीसन त्यानी ती नदीमा घालानी का? मांगे पन्नास लोक बठेल शेतस! माले मंजूर नही."

हे "माले मंजूर नही" त्या दिवसापासून घरात राहायला आलं. भाजीत मीठ कमी, मंजूर नही. वर्तमानपत्र उशिरा, मंजूर नही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजता नानांनी फोन लावला, आणि जिन्यात उभा राहून मी ऐकलं, ते शुद्ध मराठीत म्हणाले, "काही तांत्रिक कारणामुळे कालचा भाग दाखवण्यात आलेला नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आणि फोन ठेवला. बहिणीशी ते प्रथमच घोषणेच्या मराठीत बोलले होते. खोटं बोलायचं होतं, अहिराणीत जमलं नसतं.

सोमवारी त्यांनी वाहिनीला रजिस्टर पत्र पाठवलं. मला शुद्धलेखन तपासायला दिलं होतं. विषय: बिजलीधर यास मुक्कामी पोचवणेबाबत. खाली सात मुद्दे. सहावा मुद्दा असा होता की, "मुखवट्यातील इसम कोण, हे अकरा वर्षे वाट पाहणाऱ्या माझ्या वृद्ध व दृष्टिहीन भगिनीस मी काय सांगावे, याचा लेखी खुलासा व्हावा." मी एक वेलांटी सुधारली आणि हसू दाबत वर गेलो. तो मुद्दा मी नीट वाचला नव्हता हे आता कळतं.

कारण बुधवारची कल्पना माझीच होती. लपवून काय उपयोग?

आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेला की लोक 'दारावर' जातात. खांद्यावर पांढरा रुमाल टाकायचा, ओट्यावर बसायचं, काही बोलायचं नाही. चहापाणी नसतं. पाच मिनिटांनी कुणी वडीलधारा "चला" म्हणतो आणि सगळे उठतात. मी कॉलनीतल्या मंडळींना म्हटलं, आपण नानांच्या दारावर जाऊ, बिजलीधर गेला म्हणून. सगळ्यांना भलतीच मजा वाटली. संध्याकाळी आम्ही नऊ जण रुमाल टाकून, चेहरे पाडून नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. शेजारच्या आबांनी तर उसासाही सोडला.

नाना दारात आले. एकेकाकडे बघितलं. त्यांना कळायला क्षणही लागला नाही. मला वाटलं, आता हसतील किंवा शिव्या देतील. नाना आत वळून ओरडले, "नानी! कढई चढाव!"

मग आमच्याकडे बोट रोखून म्हणाले, "बठा. कोनी उठानं नही. ज्या घरमा माणूस जास, त्या घरमा कढई चढस का? सांगा!"

सुतकाच्या घरात तळण होत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. थोड्या वेळात आतून चर्रर्र आवाज आला. कांद्याची भजी, मिरचीची भजी, मग केळ्याची भजी. नाना स्वतः वाढत होते. प्रत्येक ताटलीबरोबर विचारत होते, "कोन मरना?" आणि उत्तर आल्याशिवाय पुढं जात नव्हते. "कोनीच नही, नाना," असं म्हणून आबांनी रुमाल खिशात घातला. मग बाकीच्यांनीही घातले. माझ्यापाशी आले तेव्हा मात्र त्यांनी विचारलं नाही. ताटली ठेवली आणि हळूच म्हणाले, "सर, रविवारले अक्काले काय सांगू?"

मला माझीच लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.

रविवारी साडेआठलाच मी खाली गेलो. नाना आंघोळ करून बसले होते. हातात जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली चार पानं होती. लेखी खुलासा आलेला नव्हता, तेव्हा त्यांनी शेवटचा भाग स्वतः लिहिला होता. मला म्हणाले, "बठा. फोन धरा. आनि लेखकना अधिकार सांगू नका." मी फोनचा स्पीकर लावला आणि धरला.

नाना सुरू झाले. मनोरा कोसळला, बिजलीधर तापीत पडला, वाहत वाहत अक्काच्या गावाकडच्या चांगदेवला लागला. मुखवट्याआड निघाला बिजलीधरचाच साडू. (नानांचं आपल्या साडूशी पटत नाही.) खरं सांगायचं तर वाहिनीच्या माणसापेक्षा साडू कितीतरी बरा होता. नदीकाठी एक म्हातारी होती, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. अख्ख्या गावानं बिजलीधरला ओळखलं नाही, तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं. नानांनी पान उलटलं.

पलीकडून अक्का "हं, हं" म्हणत होती आणि तिच्या मागं कसला तरी आवाज येत होता. नाना थांबले. "अक्का, हाऊ आवाज कसाना शे?"

"कढईना. सून पुऱ्या काढी ऱ्हायनी."

"आज काय सण शे?"

"सण नही." अक्का म्हणाली. "इसराम, सूननी माले बठ्ठं सोमवारलेच सांगं. तो मनोरा पडना, तो धूर, बठ्ठं. मी तिले सांगं, माणूस गया व्हता तर आपला घर कढई चढती का? तव्हयपाशी रोज काही ना काही तळी ऱ्हायनी बिचारी."

नानी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेल्या. नानांनी उरलेलं पान माझ्यापुढं धरलं, बघा म्हणून. शेवटची ओळ होती, 'आणि बिजलीधर घरी पोचला.'

अक्काच बोलली. "आनि एक ऐक भाऊ. आज त्याले घर पोचाडू नको."

"काब्र?"

"घर पोचना तर मंग पुढला रविवारले तू काय सांगशी?"

आयुष्यभर ज्यांना निघालेली गाडी मुक्कामी पोचलेली हवी होती, ते नाना त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते पान नीट चौकोनी घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं. खाकरले. गळ्याला दोन बोटं लावली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चांगदेवहून सुटणारी बिजलीधरची गाडी काही तांत्रिक कारणामुळे विलंबाने धावत आहे. प्रवाशांनी फलाट सोडू नये."

फोनमधून कढईचा आवाज येत होता. मग अक्का म्हणाली, "गाडी ऊ दे सावकाश. मी बठेल शे."