कोंडिबा तरसाने आईचं चित्र काढलं त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होतं पण नेटवर्क भरपूर होतं. दरबाराने प्रत्येकाला एकेक टॅब्लेट वाटला होता. टॅब्लेटच्या पाठीवर सिंहमहाराजांचा फोटो होता, तो काही केल्या पुसला जात नसे. बाकी सगळं पुसलं जाई.

त्या जंगलात कोंडिबा नावाचा एक तरस आपल्या आईबरोबर राहायचा. तरस कसा असतो माहीत आहे ना? पुढून उंच, मागून बुटका, अंगावर पट्टे, आणि पाठ इतकी उतरती की मानेवर ठेवलेलं बोर घरंगळत शेपटीपाशी यावं. तुम्ही जेवत नाही तेव्हा तुमच्या आया ज्याची भीती घालतात ना, तोच तो.

कोंडिबाच्या आईचं नाव सरजाबाई. तिचा एक कान अर्धाच होता. जबडा मात्र दोघींना पुरेल एवढा. आणि तिचं हसणं असं, की ते ऐकून झाडावरच्या माकडांच्या हातातली फळं खाली पडायची. ती पुष्कळदा मुद्दाम हसायची आणि फळं कोंडिबा गोळा करायचा.

आता तो कान अर्धा का, ते ऐका. एका उन्हाळ्यात जंगलातल्या एकुलत्या एक पाणवठ्यात एक गवा मरून पडला. पाणी नासलं. सगळी जनावरं काठावर नाक धरून उभी राहिली. मग त्यांनी सभा घेतली. सभेत समिती नेमली. समितीने पाण्याचा वास घेऊन वास येत असल्याचं एकमताने मान्य केलं. तेवढ्यात सरजाबाई पाण्यात शिरली, गव्याचा पाय जबड्यात धरला आणि दोन दिवस ओढून ओढून एकटीने तो बाहेर काढला. मधल्या वेळेत सुसरीने तिचा अर्धा कान नेला. तिसऱ्या दिवशी सगळे पाणी प्यायले. दरबाराच्या वहीत नोंद झाली : 'पाणी आपोआप स्वच्छ झाले.'

सरजाबाईला त्याचं काही वाटलं नाही. कोंडिबाला मात्र फार वाटलं. पुढे कितीतरी वर्षं त्याला ते वाटतच राहिलं.

एके दिवशी दरबाराने दवंडी पिटली. पाणवठ्याच्या त्या प्रसंगावर कार्टूनचा एक मोठा सिनेमा काढायचं ठरलं होतं. कुणीतरी एक वीर होता असं दरबाराला अंधूक आठवत होतं. तो कसा दिसायचा हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. सोयीचंच होतं ते. तर त्या वीराचं चित्र ज्याला काढायचं असेल त्याने टॅब्लेटवर रंगवून पाठवावं, निवडलेलं चित्र पडद्यावर चालेल, बोलेल, गाईल.

कोंडिबाने ठरवलं, पडद्यावर माझी आईच चालणार. अर्ध्या कानासकट.

पण ठरवणं वेगळं आणि टॅब्लेटवर चित्र काढणं वेगळं. कोंडिबाने हाडापेक्षा बारीक वस्तू कधी पंजात धरली नव्हती. पहिलं पेन त्याने विचार करता करता चावून खाल्लं. दुसरंही खाल्लं. तिसरं बाभळीच्या काट्याला बांधून ठेवलं तेव्हा कुठे ते टिकलं. शिवाय दवंडीत एक बारीक अट होती : चित्राबरोबर गुरुजींचा शिक्का हवा.

गुरुजी म्हणजे रंगनाथ सरडे. रंगाच्या बाबतीत त्यांचा हात कोण धरणार? स्वतःलाच रंगवत आयुष्य गेलेलं. लोक म्हणतात, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. म्हणून गुरुजींनी आपल्या क्लासचं नाव 'कुंपणापलीकडे' ठेवलं होतं. क्लास मात्र कुंपणावरच भरायचा. गुरुजींना सारखी मान हलवायची सवय होती, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला आपलं चित्र पसंत पडलं असं वाटायचं.

गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पात्र काढताना आधी नुसती काळी सावली काढायची. सावलीवरून ओळखू आलं तर पात्र जमलं. कोंडिबाने आईची सावली काढली. पुढच्या रांगेतल्या सशाने सहज मागे वळून पाहिलं आणि तो टॅब्लेटसकट ओढ्यात पडला.

"ओळखू आलं, हे खरं," गुरुजी म्हणाले, "पण ओळखून पळाला. वीराला पाहून कुणी पळत नसतं, कोंडिबा."

मग त्यांनी नियम सांगितले. वीर गोल असतो. वीराचा मित्र चौकोनी असतो. दुष्ट टोकदार असतो. वीराला उजळ रंग, दुष्टाला मातकट. कोंडिबाने घरी जाऊन आईकडे नीट पाहिलं. ती टोकदार होती आणि मातकटही होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

पण गुरुजींनी एक गोष्ट चांगली शिकवली, ती सांगितलीच पाहिजे. ते म्हणाले, चित्र काढून डोळे सरावले की चूक दिसेनाशी होते. अशा वेळी सगळं उलटं करून बघावं. उलटं केलं की चूक आपली आपण समोर येते. कोंडिबाने हे लक्षात ठेवलं. बाकीच्यांनी लिहून घेतलं आणि विसरून गेले.

महिनाभर खपून कोंडिबाने आई काढली. पाठीचा उतार, जबडा, एकेक पट्टा, सुसरीच्या दातांची नक्षी असलेला कान. चिखलाचा रंग त्याने सात वेळा मिसळला, कारण आईच्या पायाला लागलेला चिखल साधा नव्हता, त्या पाणवठ्याचा होता. चित्र पुरं झालं तेव्हा त्याला स्वतःलाच टॅब्लेटच्या पाया पडावंसं वाटलं.

गुरुजींनी मान हलवली. म्हणाले, छान आहे, फक्त पाठ जरा सरळ कर. पाठ सरळ झाली. मग जबडा लहान करायला सांगितला, वीर खाताना दिसत नाही म्हणून. मग कानाकडे पाहून विचारलं की हा अर्धा का. कोंडिबाने सुसरीची हकिकत सांगितली. गुरुजींनी ती मन लावून ऐकली आणि कान पुरा करायला सांगितला. मग पट्टे डोळ्यांना खुपतात म्हणून त्यांच्या जागी ठिपके आले. डोळे तर रोज थोडे थोडे मोठे होत गेले, शेवटी चेहऱ्यावर नाकापुरती कशीबशी जागा उरली. चिखल गेला. पापण्या आल्या.

"गुरुजी, हे हरीण झालंय," कोंडिबा म्हणाला.

"हरीण नाही. तरसच आहे," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना आवडेल असं तरस आहे."

असं म्हणताना गुरुजी त्या चित्राच्या रंगाचे झाले होते.

कोंडिबाला रडू आलं. पण तरसाचं रडणं हसण्यासारखंच ऐकू येतं, त्यामुळे कुणी समजूत काढली नाही. शिक्क्याशिवाय चित्र दरबारात जाणार नव्हतं, आणि चित्र गेलं नाही तर आई कायमची त्या वहीतल्या 'आपोआप'मध्ये राहणार होती. निदान चित्राखाली नाव तरी तिचं घालू, असं म्हणून त्याने शिक्का घेतला.

आता एक गंमत समजून घ्या. टॅब्लेटवरचं चित्र थराथरांचं असतं, एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं. त्याला लेयर म्हणतात. प्रत्येक लेयरच्या शेजारी बारकासा डोळा असतो. डोळा मिटला की तो लेयर दिसत नाही, पण असतो तिथेच. कोंडिबाची पहिली आई सगळ्यात खालच्या लेयरवर होती. गुरुजींनी सांगितलं होतं, पाठवण्याआधी नको असलेलं डिलीट कर. कोंडिबाने पेन त्या बटणापर्यंत नेलं. पण आपल्याच आईला डिलीट कोण करतं? त्याने नुसता डोळा मिटला आणि फाइल पाठवून दिली.

दरबारात सिनेमाचं काम कोल्होबाकडे होतं. त्याच्याकडे एक्केचाळीस वीर आले. एक्केचाळीसही गोल, उजळ, ठिपकेदार आणि डोळेवाले. कोल्होबाने ते भिंतीवर लावले आणि जेवून आल्यावर कोणता कुणाचा हे त्यालाच सांगता येईना. त्यात आणखी एक पंचाईत. दुष्टाचं चित्र कुणीच पाठवलं नव्हतं, आणि दुष्टाशिवाय सिनेमा कसा चालणार? तो कंटाळून एकेक फाइल उघडून बसला आणि चाळा म्हणून मिटलेले डोळे उघडू लागला. कोंडिबाच्या फाइलीतला शेवटचा डोळा त्याने उघडला आणि खुर्चीवरून खाली आला.

अशा रीतीने कोंडिबाची एकाच फाइलीतली दोन्ही चित्रं निवडली गेली. गोल झालेली आई वीर म्हणून, आणि खरी आई दुष्ट म्हणून. निरोप आला त्यात फक्त 'चित्र निवडले आहे' एवढंच होतं. कोंडिबाने आईला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

खेळाच्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळं जंगल पाणवठ्याशेजारच्या माळावर जमलं. पुढे सिंहमहाराजांची गादी, मागे दरबार, त्यामागे प्रजा. पांढरा पडदा लावला होता. सिनेमा लावायला खार टॅब्लेट घेऊन बसली होती. सगळ्यात मागे, दगडाच्या आडोशाला, कोंडिबा आणि सरजाबाई. तिने अंग चाटून स्वच्छ केलं होतं.

सिनेमाचं नाव होतं 'पाणवठ्याची परी'. मोठ्या डोळ्यांची परी आली, नाचली, गायली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरजाबाईनेही वाजवल्या.

"कोण रं ही?" तिने विचारलं.

तेवढ्यात पडद्यावर उतरत्या पाठीची एक सावली आली. मग जबडा आला. मग अर्धा कान. माळभर हिस्स झालं. पिल्लांनी आयांच्या पोटाखाली तोंडं खुपसली. पडद्यावरच्या त्या तरसाने एक मेलेला गवा ओढत आणला आणि पाण्यात ढकलला.

सगळ्या जंगलासमोर आईवर हा आळ आला होता आणि तो कोंडिबाच्याच हाताने रंगवलेला होता.

पुढचं मग व्हायचं तेच झालं. परीने गाणं म्हटलं, गाण्याने पाणी आपोआप स्वच्छ झालं, जनावरांनी तरसाला दगड मारले आणि तरस दरीत पडला. माळावर एकच जल्लोष झाला.

"आई, माझी चूक झाली," कोंडिबा म्हणाला. "मी तुलाच वीर म्हणून काढली होती."

"मग ती नाचत हुती ती कोण?"

"तीपण तूच. गुरुजींनी सुधारलेली."

सरजाबाईने पडद्याकडे पाहिलं. परी अजून पापण्या फडफडवत उभी होती. सरजाबाईने आपल्या ठेंगण्या मागच्या पायांकडे पाहिलं. आणि मग ती हसली. अगदी पोटापासून, आतापर्यंत कधी हसली नव्हती तशी.

माळावर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं की ती दरीतून वर आली. झालं, सगळं जंगल जे उधळलं ते वाट फुटेल तिकडे. कोल्होबा पडद्याखालून पळाला. सरडे गुरुजी मातीच्या रंगाचे होऊन मातीवरून पळाले. सिंहमहाराज सगळ्यांच्या पुढे होते, राजाने पुढेच असावं. क्षणात माळ मोकळा झाला.

सरजाबाई शांतपणे पुढे गेली आणि महाराजांच्या गादीवर बसली, कारण तिथून पडदा चांगला दिसत होता.

"कान झ्याक जमलाय," ती म्हणाली. "चिखलबी त्योच हाय. पर गवा म्या भाईर काढला हुता, ह्यांनी आत ढकललाय. कायतरी चुकतंय बघ."

खारीने टाकून दिलेला टॅब्लेट गवतात पडला होता. कोंडिबाने तो उचलला. त्याला गुरुजींची ती एक गोष्ट आठवली. त्याने बटण दाबलं आणि सिनेमा शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा लावला.

पडद्यावर सरजाबाई दरीतून वर आली. तिच्या अंगावरचे दगड एकेक करून मारणाऱ्यांच्या हातात परत गेले. परीचं गाणं उलटं वाजलं, त्यात काही फरक पडला नाही. मग सरजाबाई पाण्याशी गेली, आणि तो मेलेला गवा पाण्यातून बाहेर आला आणि तिच्याबरोबर दूर दूर निघून गेला. तिच्यामागे पाणवठा निवळशंख होता.

"आत्ता बराबर हाय," सरजाबाई म्हणाली. "आता परत लाव."

कोंडिबाने परत लावला. त्या संध्याकाळी त्यांनी तो सिनेमा चार वेळा उलटा पाहिला आणि पाणी पिऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या वहीत नोंद झाली : 'चित्रपट अत्यंत प्रभावी. प्रेक्षकांना जागेवर बसवेना.'

तात्पर्य : मुलांनो, वीराच्या जागेसाठी कधी अर्ज करू नये. तिथे सगळ्यांना गोल करून घेतात. आपल्याला आहोत तसं जगापुढे यायचं असेल, तर दुष्टाची जागा नेहमी रिकामी असते.